विषाणूचा वर्षभराचा मुक्काम

१

गेल्या पावसाळ्यात एका बाईचा जीव घेऊन नाहीसा झालेला डेंग्यूचा विषाणू या पावसाळ्यात एका शाळकरी मुलीच्या रक्तात सापडला. जसाच्या तसा, एका अक्षराचाही फरक न पडता.

असं होत नाही. म्हणून मी तो दुसऱ्या यंत्रावर पुन्हा वाचला. तरी तेच.

या विषाणूची सगळी कुंडली दहा हजारांहून थोड्या जास्त अक्षरांच्या एका ओळीत लिहिलेली असते. डासातून माणसात, माणसातून पुन्हा डासात फिरताना तो स्वतःच्या नकला काढत जातो, आणि नकला काढताना चुका करतो. वर्षभरात आठ-दहा अक्षरं तरी बदलतातच. या चुकांवरून आम्ही त्याचं कूळ ओळखतो. बंदरातलं कूळ निराळं, डोंगराकडचं निराळं, आणि महामार्गाच्या कडेकडेने दोघांची सरमिसळ. कुठल्या गावचा ताप कुठल्या वाटेने कुठे पोचला, हे मी खुर्चीतून न उठता सांगू शकते. त्यामुळे प्रयोगशाळेत सगळे मला 'वंशावळ' म्हणतात. "वंशावळ, चहा टाकू का तुझा?" असं.

या मुलीचा विषाणू मी वंशवृक्षावर ठेवायला गेले, तर त्याच्यासाठी नवी फांदीच फुटेना. तो थेट गेल्या वर्षीच्या एका पानावर जाऊन बसला. ते पान कुणाचं, हे मला शोधावं लागलं नाही. आमच्या बाईंच्या मुलीचं होतं ते.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांची एकुलती एक मुलगी, आम्हा सगळ्यांची ताई, शाळेत भूगोल शिकवायची. गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. तिचं रक्त आमच्याकडेच आलं होतं, आणि त्यातून वाढवलेल्या विषाणूची एक कुपी फ्रीझरमध्ये ठेवलेली होती. त्या कुळाचा विषाणू त्यानंतर देशात कुणालाही दिसला नव्हता.

शनिवारी दुपारी मी बाईंना बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. त्या उभ्या उभ्याच बराच वेळ बघत राहिल्या.

"ही मुलगी राहते कुठे?"

मी गल्लीचं नाव सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पर्स उचलली आणि घरी निघून गेल्या. काम अर्धवट टाकून जाताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

सोमवारी खात्याचे चौकशी अधिकारी आले. त्यांच्या देखत बर्फाची वाफ सोडत कुप्यांचा डबा उघडला. एक खाना रिकामा होता.

२

साहेब बोलायला गोड होते, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती.

"वर्षभर बदलला नाही, म्हणजे विषाणू होता कुठे?"

"कुठेतरी झोपलेला असणार. नकला काढल्याच नाहीत त्याने."

"फ्रीझरमध्ये झोपतो?"

"हो."

"आणि फ्रीझरमधली कुपी जागेवर नाही." त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं. "ती बाहेर कशी गेली, एवढंच मला शुक्रवारपर्यंत सांगा. फ्रीझरची किल्ली तुमच्याकडे नाही, म्हणून हे काम तुमच्याकडे. नाही कळलं, तर प्रयोगशाळेला टाळं आणि बाईंवर गुन्हा. त्यांच्याच मुलीचा नमुना. लोक काय काय बोलतील, ते मी कशाला सांगू?"

किल्ल्या तिघांकडे होत्या: बाई, बर्फकाका आणि पेपरवाला.

बर्फकाका फ्रीझर सांभाळतात. मी विचारायच्या आधीच ते स्टुलावर बसले.

"महिन्यापूर्वी जुना फ्रीझर आचके द्यायला लागला, तेव्हा मी सगळे डबे नव्यात हलवले. वरून हुकूम होता, जुन्या कुप्या नष्ट करा."

"ताईची कुपी त्यात होती?"

"होती. त्या दुपारी बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, तुम्ही जेवून या, मी बसते. पोरी, इतक्या वर्षांत बाईंनी मला जेवायला जा म्हटलेलं नाही. मी जेवतो हेच त्यांना माहीत नसावं असं मला वाटायचं."

"मग?"

"मग काय, जेवलो." त्यांनी आवाज उतरवला. "आणि आता त्यांचे हात बघ. सोलून निघालेत. हातमोज्याशिवाय सुक्या बर्फात हात घातला की असंच होतं. मी कुणाला बोललो नाही हो. तुला डोळे आहेत, तू बघणारच, म्हणून सांगितलं."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

पेपरवाला म्हणजे वर्तमानपत्रं टाकणारा नव्हे. शोधनिबंध सोडून ज्याला दुसरा विषय नाही, असा आमचा सहकारी. तो माझ्यावरच उखडला.

"मी नेली असती, तर एव्हाना निबंध छापून आला असता. कळतंय का तुला?"

"बाईंकडे मागितली होतीस ना?"

"दोनदा. आणि दोनदा नाही म्हणाल्या. अगं, ती कुपी रक्ताची नाहीये, हे तरी माहितीये ना? रक्त पहिल्याच वाचनात संपलं. नंतर मी डासाच्या पेशींमध्ये तो विषाणू वाढवला, पिढ्यांमागून पिढ्या. कुपीत भरण्याआधी वाचूनही पाहिला. दोन अक्षरं बदलली होती. इतके सुंदर बदल होते! पण बाई गप्पच राहिल्या." त्याचा आवाज थोडा खाली आला. "मुलगी जाऊन महिना नव्हता झाला आणि मी त्यांना बदल दाखवायला गेलो. माझी अक्कल. पण बदल सुंदर होते."

"कुठल्या जागी?"

"का? तू लिहिणार?"

तेवढ्यात बाईंचा निरोप आला, ताबडतोब ये म्हणून.

बाई टेबलामागे ताठ बसल्या होत्या. दोन्ही हातांची बोटं लाल झाली होती, पेरांवरची कातडी निघाली होती.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "फ्रीझर हलवताना त्या कुपीचं झाकण निसटलं. माझ्या बोटाला जखम होती. मी कुणाला सांगितलं नाही. पुढे थोडा ताप आला, त्या तापातच मी जावयाकडे जाऊन आले. ते त्याच गल्लीत राहतात. तिथे मला डास चावले असणार, आणि तेच पुढे त्या मुलीला. चूक माझी. संपलं."

३

माझं काम संपायला हरकत नव्हती. गुन्हा होता, कबुली होती, कबुलीत विज्ञानाची एकही चूक नव्हती. साहेब तर खूश झाले असते. पण इथेच घोडं पेंड खात होतं. बाईंनी आम्हाला शिकवलं होतं की उत्तर फार लवकर जुळलं, तर आधी उत्तरावरच संशय घ्यायचा.

मी पहिल्यांदा हातांचा विचार केला. फ्रीझर हलवला त्याला महिना झाला होता. बर्फाने भाजलेली कातडी महिनाभर अशी ओली राहत नाही. आणि शनिवारी बाई माझ्या शेजारी उभ्या राहून चष्मा पुसत होत्या, तेव्हा त्यांचे हात चांगले होते. म्हणजे हात सोलले ते शनिवार दुपार ते सोमवार सकाळ या मधल्या वेळात. बर्फाने नव्हे, दुसऱ्या कशाने तरी.

मग मी पेपरवाल्याकडे गेले.

"ती दोन अक्षरं सांग. निबंध झालाच तर पहिलं नाव तुझं."

"दुसरं?"

"दुसरंही तुझंच घाल."

त्याने तिथल्या तिथे पाठ म्हणून दाखवली. मी मुलीचा विषाणू उघडला आणि त्या दोन जागा पाहिल्या. दोन्हीकडे मूळचीच अक्षरं होती, ताईच्या रक्तातली.

पेपरवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा नाहीच हा."

"नाही. कुपीतला नाहीच."

बदललेलं अक्षर फिरून पुन्हा मूळचं होणं आधीच दुर्मीळ, आणि एकदम दोन्ही ठिकाणी तसं होणं म्हणजे जवळजवळ अशक्य. मुलीला झालेला ताप फ्रीझरमधून आलेला नव्हता. कुपी सांडली असो, हरवली असो की कुणी नेली असो, तिचा या प्रकरणाशी संबंध नव्हता.

आणि हे बाईंना माझ्या आधी कळलेलं असणार. बदललेली अक्षरं त्यांनी स्वतः पाहिली होती. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, हे समजू शकतं. बाई स्वतःला बुडवायला खोटं बोलत होत्या. त्या कुणाला वाचवत होत्या?

४

गल्ली अरुंद होती. आजारी मुलीची आई शिवणकाम करायची. सगळे तिला शिंपीणबाईच म्हणत.

"कशी आहे मुलगी?"

"कालपासून माझ्याशी भांडायला लागलीय. म्हणजे बरी आहे." तिने दाताने दोरा तोडला. "ताप होता तेव्हा इतकी शहाण्यासारखी वागत होती, की माझी पाचावर धारण बसली होती."

"घरात कुठे पाणी साठतं का?"

"छे हो. तपासणीच्या बायका येतात, भांडी उपडी करा म्हणतात. आम्ही करतो. सगळी गल्ली करते."

"एवढ्यात बाहेरून कुणी राहायला आलं?"

"नवीन कुणी नाही. चष्मेवाले तेवढे परत आले. बायको गेली आणि घराला कुलूप लावून ते भावाकडे गेले होते. पावसाच्या तोंडावर आलेत. त्यांची मागची खिडकी आमच्या अंगणात उघडते." तिने मशीन थांबवलं. "पोरगी त्या खिडकीशी उभी राहून गेल्या वर्षापर्यंत त्यांच्या बायकोशी तासन्‌तास बोलायची. आता नुसतीच उभी राहते."

चष्मेवाले म्हणजे बाईंचे जावई. पुढे दुकान, मागे घर. मी बाईंच्या प्रयोगशाळेतली, एवढंच सांगितलं. त्यांनी काही न विचारता आत नेलं. सगळीकडे धूळ होती, खुर्चीवर, पुस्तकांवर, भिंतीवरच्या नकाशांवर. फक्त मागच्या खिडकीच्या फळीवर काचेच्या रिकाम्या बरण्यांची रांग लखलखत होती.

"ती जाईल तिथून एखादी फांदी आणायची," ते म्हणाले. "पाण्यात ठेवायची. मुळं फुटली की कुणालातरी देऊन टाकायची. मी म्हणायचो, एक तरी झाड घरात ठेव. तर म्हणायची, मला झाड नको, मुळं फुटताना बघायची असतात."

"मग या रिकाम्या का?"

ते बरण्यांकडे न बघता बोलले. "मी परत आलो तेव्हा सगळं वाळून गेलं होतं. पण काचेवर तिच्या बोटांचे ठसे होते. माझा धंदाच काचेचा, ठसा मला लगेच दिसतो. जन्मभर तो पुसत आलोय. हे नाही पुसले. बरण्या धुतल्याच नाहीत. तशाच पाण्याने भरल्या, नव्या फांद्या लावल्या. वाटलं, घरात कुणीतरी आहे असं दिसेल."

"आणि?"

"आणि शनिवारी आई आल्या. तिच्या आई. माझ्याशी एक शब्द नाही. फांद्या काढून फेकल्या, ब्रश आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन खाली बसल्या आणि एकेक बरणी आतून-बाहेरून घासून काढली. उघड्या हातांनी. मी म्हटलं, आई, तिचे ठसे आहेत त्यांवर. त्यांनी मान वर केली नाही." ते थांबले. "पोटच्या पोरीचे ठसे. मी त्यांना चहाही विचारला नाही. आता आमचं बोलणं नाही."

मी माझा आवाज शक्य तितका साधा ठेवला. "यंदा तुम्हाला ताप आला होता?"

"यंदा नाही. गेल्या वर्षी आम्हाला दोघांना एकदमच आला. शेजारी शेजारी पडून होतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी उठलो."

ज्या प्रकारचा ताप एकदा येऊन गेला, तो सहसा त्या माणसाला पुन्हा येत नाही. हा विषाणू या घरात कितीही दिवस राहिला असता, तरी या माणसाला कळलं नसतं.

"एखादी बरणी घासायची राहिली का हो?" मी विचारलं.

त्यांनी कपाटाकडे पाहिलं.

५

कपाटातून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक बरणी काढली. बाई दुसऱ्या बरण्या घासत असताना त्यांनी ती लपवली होती. आत पाणी नव्हतं. जुन्या पाण्याची रेघ काचेवर दिसत होती, आणि त्या रेघेच्या वर, आतल्या बाजूने, तिळाहून बारीक काळे ठिपके चिकटलेले होते.

"काय आहे ते?"

बाई कशापासून पळत होत्या, हे मला त्या क्षणी समजलं. मीही 'काही नाही' म्हणून बरणी पिशवीत टाकू शकले असते.

"मी भिंगं घासतो," ते म्हणाले. "बारीक दिसतं मला. सांगा."

मी सांगितलं. हा डास पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत. महिनोन्‌महिने, कधी जवळजवळ वर्षभर, कोरडी पडून राहतात. डासाच्या मादीच्या अंगातला विषाणू फार क्वचित एखाद्या अंड्यात उतरतो, आणि अंड्यात तो झोपून राहतो. नकला नाहीत, म्हणून चुका नाहीत. मग कुणीतरी पाणी भरतं. अंडी भिजतात, अळ्या निघतात, डास उडतात. गेल्या वर्षी तुम्हा दोघांना चावलेल्या डासांपैकी एकीने इथे अंडी घातली असणार. या बरणीत पाणी इतकं वर पोचलं नाही, म्हणून ही तशीच राहिली. भांडं उपडं करून ती जात नाहीत, घासावी लागतात.

ते हळूहळू खाली बसले.

"म्हणजे शिंपीणबाईची पोर..."

"हो."

"मी तर..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. नंतर त्यांनी विचारलं, "आईंना हे कळलं होतं?"

"गल्लीचं नाव ऐकल्याबरोबर, बहुतेक."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कळू नये म्हणूनच तर सगळं चाललंय. कुपी आपल्या हातून सांडली असं त्यांनी कबूल केलंय. उद्या त्यांची नोकरी जाईल, वर गुन्हा दाखल होईल."

चष्मेवाले उठले, आणि दुकानाचं दार ओढून घेऊ लागले.

६

अंडी मी प्रयोगशाळेत भिजवली. निघालेल्या अळ्या गटागटाने तपासल्या. बहुतेक गटांत काही नव्हतं. एका गटात होतं. वाचलं, तर ताईच्या रक्तातला तोच विषाणू, दोन्ही मूळ अक्षरांसकट.

बाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्या घासल्या होत्या मी."

"एक राहिली होती."

"तुला तिथे जायला कुणी सांगितलं होतं?" त्यांचा आवाज चढला नाही. "तू हे लिहिशील. मग त्यांच्या दारावर खात्याची पाटी लागेल, गल्ली बोटं दाखवेल. कशाबद्दल? बायकोच्या बरण्यांत पाणी भरलं म्हणून? माझं काय, निवृत्तीला टेकले आहे मी. घेते अंगावर."

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, बाई. इथे तर चोरच नाही कुणी."

बाईंनी कागद उलटा करून ठेवला.

"कुपी कुठे आहे?" मी विचारलं.

"नव्या फ्रीझरमध्ये. माझ्या जुन्या नमुन्यांच्या डब्यात, शेवटच्या रांगेत. नष्ट करायला बसले होते. हात धजला नाही." त्या खिडकीकडे वळल्या. "त्यात ती नाही, हे मला कळतं गं. तिचं काहीच नाही त्यात. तिला मारणाराच आहे. पण शेवटी दवाखान्यात मला आत सोडलं नव्हतं. तिच्याजवळ शेवटपर्यंत जे राहिलं, ते एवढंच. म्हणून ठेवलं."

दार वाजलं. चष्मेवाले आत आले. बाई उभ्या राहिल्या.

"शिंपीणबाईंना सांगून आलो," ते म्हणाले. "सगळं."

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"आधी रडली. मग माझ्यावर ओरडली. मग म्हणाली, घासायचं असतं हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, सगळे नुसतं उपडी करा म्हणून सांगतात."

बाईंनी डोळे मिटले. "ती सूचना इथूनच निघाली. आम्हीच लिहिली. लोकांना थोडक्यात सांगावं म्हणून घासायचं गाळलं आम्ही."

"मग आता तुमचंही लिहा आणि माझंही. माझ्या घराच्या पत्त्यासकट."

अहवाल मी तिथेच, बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पुरा केला आणि साहेबांना फोनवर वाचून दाखवला. टाळं लागणार नाही, म्हणाले. गुन्हाही नाही. कुपी लपवल्याबद्दल बाईंना ताकीद, आणि कुपी नष्ट करून तसं कळवायचं. गल्लीत खात्याची माणसं घरोघर ब्रश घेऊन जातील. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "त्या चष्मेवाल्यांचं नाव जाहीर करणं खरंच गरजेचं आहे का?" मी म्हटलं, ते स्वतःच सांगत सुटलेत, तुम्ही करा किंवा करू नका.

"कुपीचं उद्या मीच बघते," बाई म्हणाल्या. मग जावयाकडे बघून, "बसा."

ते बसले. दोघांमध्ये टेबल होतं, आणि दोघंही टेबलाकडे बघत होती. मी कागद आवरायला लागले.

"आई," चष्मेवाले म्हणाले, "ती लहानपणी कशी होती? मला ती मोठी झाल्यावरच भेटली."

"हट्टी."

"ते माहितीये."

"तुम्हाला अर्धाच माहितीये." बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "पाच वर्षांची असताना एकदा घरातून निघून गेली होती. आमच्या दारातला रस्ता कुठे संपतो, ते बघायला. एकटी, एका पायात चप्पल. संध्याकाळ होत आली तरी पत्ता नाही."

"मग कुठे सापडली?"

मी दार ओढून घेतलं. फटीतून शेवटचं दिसलं ते हे, की बाई टेबलाला वळसा घालून अलीकडे आल्या, आणि खुर्ची जावयाच्या शेजारी ओढून घेतली.

"सांगते," त्या म्हणाल्या.